चारच्या आत गाडी तापली पाहिजे

"आजच सोडतायत!" फोनवर लेक इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीत दाढी करत असलेल्या तिच्या बापालाही ते ऐकू गेलं. "आई, आजच! चिमूटला आज घरी न्या म्हणाले!"

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. एकतीस दिवस आमची नात त्या काचेच्या पेटीत होती. सात आठवडे आधीच जगात आली, दीड किलोची. पहिल्यांदा काचेतून पाहिलं तेव्हा तिचे आजोबा म्हणाले, "अगं, ही तर चिमूटभरच आहे." तेव्हापासून ती चिमूट. खरं नाव ठेवायला कुणाला धीरच होत नव्हता.

"पण अट आहे," लेक म्हणाली. "मोठ्या सिस्टरनी बजावलंय, चारच्या आत न्यायचं. चारला डॉक्टर निघतात. संध्याकाळी वादळ येतंय, घाटातला रस्ता बंद करणार आहेत, मग चार-पाच दिवस विसरा. आणि गाडी आधीच तापलेली हवी. त्या स्वतः खाली येऊन आत हात घालून बघणार. गाडी गार निघाली तर बाळ परत वर."

"भट्टी करून आणतो गाडीची," मी म्हटलं. "तुझा बाप बॉयलरवाला आहे, विसरलीस का?"

ती हसली. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "आई, मला अजून चार दिवस इथे नाही गं राहवणार. काल रात्रीपण मी खुर्चीतच झोपले." आणि फोन ठेवला.

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बाहेर रस्त्यावर गुडघाभर बर्फ, खिडकीच्या काचांना आतून हिमाची पांढरी खपली. दवाखाना घाटापलीकडे, चाळीस मिनिटांवर. वेळ भरपूर आहे असं मला वाटलं. मी लगेच कपाटातली मऊ ब्लँकेटं काढून तापायला पसरली, आणि हे अर्ध्या गालावर साबण घेऊन गाडी सुरू करायला गेले.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. कागदाच्या गिरणीत ह्यांनी अडतीस वर्षं बॉयलर सांभाळला. जन्म भट्टीसमोर काढल्यामुळे असेल, पण ह्यांना थंडी वाजतच नाही. भर हिवाळ्यात काच खाली करून गाडी चालवतात, आणि शेजारी मी कानटोपी, मफलर, दोन स्वेटर घालून बसलेली. हीटर लावा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "हीटर म्हणजे लाड." महिनाभरात दवाखान्याच्या एवढ्या फेऱ्या झाल्या, सगळ्या अशाच. या हिवाळ्यात त्या हीटरच्या खटक्याला आम्ही बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पंधरा मिनिटांनी मी गाडीच्या शेडमध्ये गेले तेव्हा इंजिन चालू होतं, पंखा घोंघावत होता, आणि हे पुढच्या सीटवर बसून हवेच्या झरोक्यापुढे हात धरून होते. साबण गालावर वाळला होता.

"तापली?" मी विचारलं.

"हात लाव."

मी हात लावला. फ्रीजचं दार उघडल्यासारखी हवा. समोरची सुई मात्र मध्यावर होती, म्हणजे इंजिन मजेत तापलेलं. तेवढं मलाही कळतं. इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केलाय, फुकट नाही.

"हीटर गेलाय," हे म्हणाले.

"गेलाय म्हणजे कुठे गेलाय? बोलवा परत!"

घाबरले की मी अशीच ओरडते, हे त्यांना माहीत आहे. ते बॉनेट उघडायला उतरले. मी घरात धावले आणि फोन फिरवायला लागले. गॅरेजवाला म्हणाला, सोमवारी आणा. टॅक्सीवाल्यांकडे कुणी फोनच उचलेना, एकानं उचलला तो म्हणाला, बाई, या बर्फात घाटात कोण जातंय. शेजारच्या रंगाऱ्यानं मात्र न विचारताच व्हॅनची किल्ली पुढे केली. देवमाणूस, पण त्या व्हॅनमध्ये नुसतं डोकं घातलं तरी माझ्या डोळ्यांना पाणी आलं, एवढा रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास. महिनाभर नळीनं श्वास घेतलेल्या पोरीला त्यात बसवायचं? मी किल्ली परत दिली.

अकराच्या सुमारास जावई आले. आमचे जावईबापू दाताचे डॉक्टर. दवाखान्यातल्या खोलीत बायकोपाशी एकच खुर्ची, म्हणून बिचारे रोज सकाळी कामावर जायचे आणि संध्याकाळी घाट ओलांडायचे. आज पेशंट अर्धवट सोडून बसनं आले होते. एका हातात बाळाची टोपली, दुसऱ्या हातात त्यांची हत्यारांची काळी बॅग.

"कुणाच्या दाढेत कापूस तसाच ठेवून आलात की काय?" मी विचारलं.

"दोघांच्या," ते म्हणाले. आणि मग हीटरचं ऐकून त्यांचा चेहराच उतरला. "आई, तिनं तर सकाळीच बॅग भरून ठेवलीय. कोट घालून बसलीय."

"मग रडत काय उभे राहिलात? बाह्या सरसावा!"

शेडचं दार ह्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. इंजिन चालू असलं की दार उघडंच पाहिजे, धूर जीव घेतो, हा त्यांचा पहिला नियम. त्यामुळे आत आणि बाहेर सारखीच थंडी. पण खरं सांगते, तिथे उभं राहून मला थंडी जाणवतच नव्हती. परीक्षेचा निकाल लागायचाय आणि पेपर माझाच आहे, असं वाटत होतं.

ह्यांची काम करायची पद्धत मला पाठ आहे. आधी काहीच खोलायचं नाही. आधी हात लावायचा, ऐकायचं, आणि मग एकेकाला सोडून द्यायचं. "हा नाही," म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं.

"पाणी भरपूर आहे," ते म्हणाले. "म्हणजे पाणी नाही." मग रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर हात ठेवून म्हणाले, "मघाशी मी हा पाइप धरून बसलो होतो. बराच वेळ गार होता, मग एकदम चटका बसला. म्हणजे थर्मोस्टॅटही ठीक. पाणी तापल्याशिवाय तो त्याला पुढे सोडत नाही, आणि तापलं की दार उघडतो. बरोबर वेळेवर उघडलं त्यानं. हा नाही."

"मग कोण?" जावई कपाळाला दिवा बांधून वाकले होते. दात बघायचा तो दिवा.

"हे दोन पाइप बघा. इंजिनाचं गरम पाणी यातून आत जातं, तुमच्या पायाशी एक छोटी जाळी आहे तिच्यातून फिरतं, आणि त्या दुसऱ्यातून परत येतं. पंखा त्या जाळीवरून हवा मारतो. बस, एवढाच हीटर. आता धरा दोन्ही."

जावयांनी धरले. "दोन्ही गार आहेत, बाबा."

"म्हणजे गरम पाणी तिथवर पोचतच नाहीये." ह्यांचे डोळे चमकायला लागले. काळजी होती, नाही असं नाही. पण अडतीस वर्षांत ज्या गोष्टीसाठी हा माणूस सकाळी उड्या मारत कामावर जायचा, ती समोर आली होती. "एक, आत हवा अडकलीय. दोन, जाळी गाळानं तुंबलीय. बघू या!"

हवा काढायची तर गाडीचं तोंड वर हवं. आम्ही तिघांनी गाडी ढकलत, सरकवत, एकदा माझा बूट बर्फात रुतवून, गल्लीच्या चढावर नाक वर करून उभी केली. पण गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. म्हणून इंजिन गार व्हायची वाट बघायची. वाट बघणं मला कधी जमलंय? मी घरात गेले, ब्लँकेटं उलटी केली, बाहेर आले, "झालं का?" विचारलं, आत गेले, परत आले. चौथ्या वेळी हे म्हणाले, "अगं, तू अशीच फिरत राहिलीस तर तुझ्याच उष्णतेनं गाडी तापेल."

मधेच लेकीचा फोन. "आई! आज तिनं अख्खी बाटली संपवली! एका दमात! निघालात का?"

"निघतोच आहोत," मी म्हटलं. गाडीपासून जावई माझ्याकडे बघत होते, मी तोंड फिरवलं.

बारा वाजता झाकण उघडलं, इंजिन सुरू केलं. मी, हे आणि जावई, तीन डोकी एका भोकात बघत होतो. बुड. एक बुडबुडा! "आली, आली!" जावई ओरडले. बुड. दुसरा. आम्ही बघत राहिलो. तिसरा काही आला नाही. आत पाणी झुळझुळ फिरताना दिसत होतं, म्हणजे पंपही ठणठणीत. आणि झरोक्यातली हवा तशीच, बर्फाची.

"हवा नाही," हे म्हणाले. "पंपही नाही. आता जाळी."

दोन्ही पाइप काढायचे ठरले. परत इंजिन गार होण्याची वाट, मग पक्कड घेऊन क्लिपा सैल करणं. क्लिपा इतक्या वर्षांच्या की त्याही रागावलेल्या. जावयांनी एक हळूच फिरवत, डोलवत, अगदी दात काढतात तशी काढली. खाली मी माझं मोठं पातेलं धरलं होतं. एका पाइपातून इंजिनातलं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, भसाभसा आलं, दुसऱ्यातून जेमतेम कपभर. मी पाहिलं, पण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. एक वाजून दहा.

"किटली आण," हे म्हणाले. "कोमट पाणी, उकळतं नको."

नरसाळं लावून त्यांनी जाळीच्या एका तोंडात पाणी ओतलं. आम्ही दुसऱ्या तोंडाकडे डोळे लावून बसलो. आणि पाणी आलं! स्वच्छ, भरधार, थेट पातेल्यात! जावयांनी टाळी वाजवली, मीही वाजवली, आनंदानं मी जावयांच्या पाठीत एक थापही मारली. मग लक्षात आलं की ह्यांचा चेहरा काही खुललेला नाही.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" ते म्हणाले. "जाळी मोकळी आहे. म्हणजे जाळीही नाही."

आमचे हात हवेतच राहिले.

एक वीस. हे बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे होते. मी त्यांना असं फार वेळा पाहिलेलं नाही. "पाणी आहे, तापतंय, पंप फिरवतोय, हवा नाही, जाळी मोकळी," ते पुटपुटले. "मग अडतंय कुठे?"

जावई पातेल्याकडे बघत होते. "बाबा, मघाशी या पाइपातून कपभरच पाणी आलं. हा आत जाणारा ना? इंजिनाकडचा? त्यातून तर धो धो यायला हवं होतं. इंजिन आणि हा पाइप, यांच्या मध्ये काय आहे?"

"मध्ये फक्त एक कॉक आहे. इंजिनामागे, खाली. उन्हाळ्यात हीटर बंद करायचा असला तर."

"मग तो बंद असेल!"

"तो उघडा आहे," हे ठामपणे म्हणाले. "त्याला चिंधी नाही."

इथे आमच्या घरचा कायदा सांगते. गिरणीत एकदा कुणीतरी बंद ठेवलेला वाफेचा कॉक दुसऱ्यानं न बघता उघडला आणि ह्यांच्या जोडीदाराचा हात खांद्यापर्यंत भाजला. तेव्हापासून ह्यांनी नियम केला. जो कॉक बंद करील त्यानं त्याला लाल चिंधी बांधायची. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची आणि त्यानंच कॉक उघडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. निवृत्त झाले आणि हा कायदा घरी घेऊन आले. आमच्याकडे गॅसला चिंधी, वरच्या टाकीला चिंधी, कपडे धुवायच्या यंत्रामागे चिंधी. एकदा पाहुण्यांनी न्हाणीघराचा कॉक चिंधीशिवाय बंद केला तर ह्यांनी त्यांना जेवणभर व्याख्यान दिलं. तेव्हा चिंधी नाही म्हणजे कॉक उघडा. यावर आमच्या घरात वाद होत नाही. मीही मान डोलावली.

"बाबा, एकदा बघू तरी," जावई म्हणाले.

"बघता येत नाही. डोकं जात नाही तिथे. वरून फक्त पाइपाचं टोक दिसतं आणि चिंधीची जागा. बघा, काही बांधलंय?"

"नाही."

"मग?"

पण जावईबापू गप्प बसले नाहीत. त्यांनी आपली काळी बॅग उघडली आणि लांब दांडीचा तो छोटा गोल आरसा काढला. मागच्या दाढा बघायचा. इंजिनामागे तो आरसा सरकवला, कपाळावरचा दिवा नीट केला आणि जीभ बाहेर काढून बघायला लागले.

"दांडी दिसतेय, बाबा. पाइपाला आडवी आहे की सरळ?"

"सरळ असणार. सरळ म्हणजे उघडा."

"आडवी आहे."

ह्यांनी बॉनेटवरचे हात काढले.

"आणि दांडीवर काहीतरी लाल चिकटलंय. मेण वितळतं ना, तसं. गुळगुळीत. त्यात एक सोनेरी रेघ आहे."

सोनेरी रेघ. माझ्या हातातलं नरसाळं खाली पडलं.

उन्हाळ्यात ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर गाडी मी चालवली. पायाशी कुठूनतरी सतत गरम हवा झिरपायची, पाय नुसते भाजायचे. ह्यांना सांगितलं तर हे डोळ्याची पट्टी सोडून शेडमध्ये येतील, हे मला माहीत होतं. म्हणून एका दुपारी मी त्यांच्या दुरुस्तीच्या वहीतलं इंजिनाचं चित्र बघितलं, बॉनेट उघडलं, हात मागे घातला आणि कॉक बंद केला. माझा हात लहान आहे, तिथे बरोबर जातो. आणि चिंधी! चिंधी सापडली नाही म्हणून केकच्या खोक्यावरची लाल फीत बांधली. चकचकीत, कडेला सोनेरी रेघ असलेली. पट्टी सुटली की सांगेन, म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, तू आजी होणार आहेस!" त्यानंतर मला कॉक कशाला आठवतोय?

मी हे सगळं एका दमात सांगून टाकलं. सकाळपासून मी ज्याच्या-त्याच्या नावानं ओरडत होते, आणि लेक तिकडे कोट घालून बसली होती ती माझ्यामुळे.

"मी बांधली होती हो चिंधी," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "शपथ, बांधली होती."

अडतीस वर्षं ज्यानं एका चिंधीवरून साहेबांना सुनावलं, तो आता मला किती सुनावणार, याची मी वाट बघत होते.

"प्लास्टिकची?" ते म्हणाले. "तापत्या इंजिनावर?"

"हो."

"सोनेरी किनारीची?"

मी मान हलवली. आणि हा माणूस हसायला लागला. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून, वाळलेल्या साबणाचे पापुद्रे गालावरून गळेपर्यंत. जावईही आरसा धरून हसत होते. मी तेवढी रडत होते, मग मलाही रडता-रडता हसू फुटलं.

"रडायला घाटात चाळीस मिनिटं मिळतील," हे म्हणाले. "आता बाही वर कर. तू बांधलीस, तूच सोडायचीस."

"अहो, तुम्हीच करा ना!"

"माझा हात जात नाही तिथे. आणि गेला असता तरी कायदा कायदा आहे."

कॉक काही सहजासहजी हलेना. फीत वितळून दांडीच्या सांध्यात बसली होती. मी जोर लावला तसे हे ओरडले, "जबरदस्ती नाही! मोडला तर संपलं!" मग त्यांनी फडकं गरम पाण्यात भिजवून, पिळून माझ्या हातात दिलं. मी ते आत नेऊन दांडीवर धरलं. निवलं की दुसरं. असं पाच वेळा. जावयांनी त्यांच्या बारीक चिमट्यानं मऊ झालेलं प्लास्टिक टोकरून काढलं. म्हणतात कसे, "थोडं दुखेल हं," इंजिनाला म्हणत होते की मला, कोण जाणे. मग तेलाचे दोन थेंब.

"आता आधी बंदकडे ढकल," हे माझ्या कानाशी म्हणाले. "केसभर."

"बंदकडे? उघडायचाय ना?"

"ऐक माझं. अडलेल्या कॉकला आधी त्याच्या मनासारखं करू द्यायचं. मग तो ऐकतो."

मी डोळे मिटले. बोटांना फक्त ती गार दांडी. बंदकडे ढकलली. काही नाही. पुन्हा. आणि बोटांखाली कच्च झालं! अगदी बारीक!

"हलला!" मी किंचाळले.

"आता परत इकडे. हळू. हळूऽऽ."

सरकला. अडला. परत बंदकडे, परत उघडा. आणि मग एकदम, लोण्यातून सुरी जावी तसा, तो पाव फेरा फिरला आणि उघड्या पाइपातून हिरवं कूलंट कारंज्यासारखं उडून जावयांच्या तोंडावर! "आलं!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो. समोरच्या खिडकीतून रंगाऱ्यानं डोकं काढून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पाणी आलं!" त्याला काय कळलं असेल ते असो, त्यानंही हात उंचावला.

दोन वाजून दहा. पाइप बसवले, क्लिपा आवळल्या, पातेल्यातलं कूलंट गाळून परत भरलं, कमी पडलं ते कपाटातल्या डब्यातून. इंजिन सुरू. या वेळी बुडबुडे आले ते विचारू नका, डझनावारी. हे एक हात पाइपावर ठेवून उभे राहिले आणि दुसऱ्या हातानं माझा हात ओढून पाइपावर ठेवला.

गार. गार. मग कोमट. मग असा गरम की मी हात काढला.

मी धावत जाऊन पुढच्या सीटवर बसले. झरोक्यातून आधी धुळीचा, जुन्या लोकरीचा वास आला. आणि मग ऊब. तोंडावर, मानेवर, मफलरच्या आत. मी तिथेच बसून "अहो! अहो! अहो!" एवढंच म्हणत राहिले. सगळी ब्लँकेटं आणून मागच्या सीटवर पसरली, टोपली मधोमध बांधली. हे साबणाचा अर्धा गाल तसाच घेऊन चालवायला बसले. अडीच वाजता निघालो.

घाटात बर्फ भुरभुरायला लागला होता. ह्यांनी काच वर केली होती. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा.

तीन वीसला आम्ही दवाखान्याच्या दारात उभे होतो, इंजिन चालू. जावई वर धावले. थोड्या वेळानं मोठ्या सिस्टर खाली आल्या, उंच, करड्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांनी मागचं दार उघडलं, कोपरापर्यंत हात आत घातला, टोपलीच्या तळाशी ठेवला, आणि मनातल्या मनात मोजल्यासारख्या थांबल्या.

"चालेल," त्या म्हणाल्या.

मी त्यांना मिठी मारली. त्यांना ते आवडलं नसावं, पण त्यांनी मारू दिली.

दारातून लेक आली. कोट घातलेला, केस विस्कटलेले, आणि छातीशी ते गाठोडं. गाडीपाशी सिस्टरनी गाठोड्यातून एक पाय अलगद बाहेर काढला. माझ्या अंगठ्याएवढं पाऊल. घोट्यावर नंबराची पट्टी.

"ही मी बांधली होती, पहिल्या रात्री," सिस्टर म्हणाल्या. खिशातून छोटी कात्री काढली. "म्हणून मीच काढते. आमच्याकडे तसंच आहे."

कात्री वाजली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या काचेतून बाहेर बघत होते, आणि साबण लागलेल्या गालावरून पाणी ओघळत होतं. "ती पट्टी मला देता का?" एवढंच ते म्हणाले. सिस्टरनी दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिसा वरून दाबला.

आम्ही निघालो. मागे लेक, जावई आणि मधोमध टोपलीत चिमूट. हीटर घुमत होता. घाटाच्या पहिल्या वळणावर चिमूटनं एक मोठ्ठी जांभई दिली आणि आम्ही चौघांनी ती एकदम पाहिली, हे आरशातून.

"बाबा," लेक म्हणाली, "हीटर जरा कमी करा ना. तिला घाम येतोय."

पुढे आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मागे जावयांना हसू आवरेना. लेकीला काही कळेना. "काय झालं? असं काय करताय?"

ह्यांचा हात खटक्याकडे गेला आणि थांबला. "मी नाही," ते म्हणाले. "उघडला तिनं."

मी खटका धरला. आधी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी कमी करतेय हं. बंद नाही, फक्त कमी. लक्षात ठेवा सगळ्यांनी." मग मी तो केसभर फिरवला आणि आमच्या नातीनं घामेजलेल्या मुठी उघडून झोप घेतली.